शाळेची हजेरी आणि चावडीची हजेरी

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांचे एक शिबिर होते. आम्हाला आनुवंशिकतेवर बोलायचे होते. मेंडेलचे वाटाणे, प्रभावी आणि अप्रभावी गुण, गुणसूत्रे असा नेहमीचा प्रवास झाला. चहाच्या सुट्टीत एक अनुभवी शिक्षक जवळ आले.

"सर, वाटाण्याचं सगळं पटलं. आता आमच्या शाळेचं ऐका. गावाबाहेरच्या वस्तीवरची पाच-सहा पोरं पटावर आहेत. मी स्वतः घरी जाऊन बोलावून आणतो. दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी गायब. वाटाण्याचा बुटकेपणा बियाण्यातच असतो, तसं शिकणं या पोरांच्या रक्तातच नाही असं म्हटलं, तर काय चुकलं?"

प्रश्न विचारणारा माणूस आळशी नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. आम्ही घाईघाईने काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. परतताना पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर रस्त्याला लागलो. कासेगावच्या आसपास वाटेगावची पाटी दिसली आणि लक्षात आले, की ज्या उत्तरासाठी आपण चाचपडत होतो ते याच गावात जन्मले होते. या गावच्या एका मुलाने शाळेत फक्त दीड दिवस काढला. पुढे त्याने पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय कथा, पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णनही लिहिले. त्या मुलाचे नाव तुकाराम भाऊराव साठे. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ साठे या नावाने ओळखतो.

त्या शिक्षकांना तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दोन हजेऱ्या

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. तेव्हा हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. म्हणून अण्णाभाऊ साताऱ्याचेही आणि सांगलीचेही. त्यांच्या लेखनातला मुलूख मात्र जिल्ह्याच्या रेषा ओळखत नाही. तो वारणेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्याचा मुलूख आहे.

घर मातंग समाजाचे. त्या काळच्या सरकारी दप्तरात आणि बोलीत 'मांग'. वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करीत, आई वालुबाई गावी राहून मोलमजुरी करीत. गावात शाळा होती, पण शाळेच्या आतही अस्पृश्यता होती. छोटा तुकाराम शाळेत गेला, अपमान आणि मार अनुभवला आणि दीड दिवसातच बाहेर पडला. पुन्हा तो शाळेत गेला नाही.

शाळेच्या हजेरीपटावर दीड दिवस टिकलेल्या या मुलाचा समाज दुसऱ्या एका हजेरीपटावर मात्र वर्षानुवर्षे होता. ती हजेरी चावडीवर व्हायची आणि पोलीस घ्यायचे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्याखाली आला. एखाद्या जमातीला सरकारने 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केले, की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाची नोंद पोलिसांकडे होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडून जायचे तर परवानगी घ्यावी लागे. त्याने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नसे. जमात जाहीर करण्याच्या या निर्णयाविरुद्ध न्यायालयातही दाद मागता येत नसे. मुंबई इलाख्याच्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली 'गुन्हेगार वर्गां'वर एक जाड पुस्तक छापले. त्यात मांगांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सातारा भागातल्या मातंगांना या हजेरीचा जाच चांगलाच ठाऊक होता.

एकाच मुलासाठी समाजाने दोन हजेरीपट ठेवले होते. पहिल्यावर त्याचे नाव टिकू दिले नाही आणि दुसऱ्यावरून ते खोडू दिले नाही.

तीन सालांची गोष्ट

हा कायदा नुसता जुलमाचा नव्हता. त्याच्यामागे त्या काळचे एक 'शास्त्र' उभे होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते नीट पाहायला हवे.

१८६९ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांचे आनुवंशिक प्रतिभेवरचे पुस्तक निघाले. त्यांनी नामवंत न्यायाधीश, सेनानी, लेखक, शास्त्रज्ञ यांच्या वंशावळी तपासल्या. नामवंतांच्या घरात नामवंत जास्त सापडतात असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की बुद्धी वारशाने येते. १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. तो मांडणाऱ्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की या देशात जातीनुसार धंदा चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोरांच्या जातीत जन्मलेला चोरच होणार. १८७६ साली इटलीत चेझारे लोंब्रोझो यांचे गुन्हेगार माणसावरचे पुस्तक आले. जन्मजात गुन्हेगार कवटीच्या, जबड्याच्या, कानाच्या ठेवणीवरून ओळखता येतो असा त्यांचा दावा होता.

आठ वर्षांतल्या या तीन गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. तिन्हींचे म्हणणे एकच, की माणूस काय होणार हे त्याच्या जन्माने ठरलेले असते.

हा दावा पुढे मोजमापाला टिकला नाही. इंग्लंडच्या तुरुंगांतील डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली, ती विद्यार्थी आणि सैनिक यांच्याशी ताडून पाहिली आणि १९१३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लोंब्रोझो सांगत होते तसा गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक साचा त्यांना आढळला नाही. गंमत म्हणजे खुद्द गाल्टन यांचा अनुभवही तसाच होता. बोटांच्या ठशांवरचे त्यांचे पुस्तक १८९२ साली निघाले. ठशांवरून माणसाचा वंश किंवा स्वभाव ओळखता येईल अशी त्यांना आशा होती. निरनिराळ्या लोकांचे ठसे तपासल्यावर तसे काहीच सापडले नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. ठसा प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळख पटवतो, त्याच्या जमातीची नव्हे. तरीही १९११ च्या कायद्यात हेच ठसे अख्ख्या जमातींवर पहारा ठेवण्यासाठी वापरले गेले! मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली आणि भारत सरकारने १९५२ साली रद्द केला. तोपर्यंत अण्णाभाऊ बत्तीस वर्षांचे झाले होते.

रस्ता, पाट्या आणि अक्षरे

अण्णाभाऊ अकरा वर्षांचे असताना वडील कुटुंबाला मुंबईला घेऊन निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करीत हे कुटुंब पायी मुंबईला पोहोचले. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड झाले. मुलाने हमाली केली, घरगडी म्हणून राबला, पुढे गिरणीत काम केले.

याच मुंबईत त्यांना अक्षरओळख झाली. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती हीच त्यांची अंकलिपी. ही गोष्ट अनेकदा कौतुकाने सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. आपण शिक्षक आहोत, तेव्हा तिच्याकडे थोडे बारकाईने पाहू.

पाटीवरून वाचायला शिकणे कसे शक्य होते? चहाच्या दुकानावर 'चहा' असे लिहिलेले असते. दुकानात काय मिळते ते मुलाला वासावरूनच माहीत असते. म्हणजे शब्द आधी येतो आणि अक्षरे मागाहून. त्या एका शब्दातून 'च' आणि 'हा' हाती लागतात. पुढच्या फुटाण्याच्या दुकानावर 'चणे' दिसले, की 'च' ओळखीचा निघतो आणि 'णे' नवा मिळतो. फुलवाल्याच्या 'हार' मध्ये 'हा' पुन्हा भेटतो आणि 'र' वाढतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्याच अंशी ठरलेले असल्यामुळे अशी बेरीज करीत जाता येते. बोर्डाला अर्थ असतो, तो रोज त्याच जागी असतो, आणि चुकले तर छडी मारत नाही. वर्गातल्या पहिल्या पुस्तकात यातल्या किती गोष्टी असतात?

पण नुसत्या पाट्यांवर लेखक तयार होत नाही. अण्णाभाऊंना औपचारिक शाळा मिळाली नाही, तरी शिकण्याच्या दुसऱ्या जागा मिळाल्या. मुंबईत कामगारांच्या सभा, मिरवणुका आणि भाषणे होती. पुढे गावी परतल्यावर चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. तिथे पाठांतर, ताल, हजरजबाबीपणा आणि समोरच्या माणसाचे लक्ष धरून ठेवण्याची कला, हे सारे त्यांनी कमावले. सातारा जिल्ह्यात तेव्हा स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. या वातावरणाचा अण्णाभाऊंवर खोल परिणाम झाला. पुन्हा मुंबईला आल्यावर ते माटुंग्याच्या लेबर कँपातल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांत मिसळले. तिथे वर्तमानपत्रे होती, पुस्तके होती, चर्चा होत्या. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की त्यांना तिथेच भेटला. गॉर्कीलाही लहानपणी शाळा जेमतेम काही महिनेच मिळाली होती, हा योगायोग मनात ठेवण्यासारखा आहे.

इतके प्रकार कशासाठी?

अण्णाभाऊंच्या साहित्याची यादी पाहिली, की प्रथम तिच्या लांबीचे आश्चर्य वाटते आणि मग विविधतेचे. एकच माणूस पोवाडा, लावणी, वग, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन असे सारे का हाताळतो? आम्हाला याचे एक साधे उत्तर दिसते. ज्यांच्याशी बोलायचे ते लोक कुठे आहेत, त्यांना वाचता येते का, हे पाहून त्यांनी प्रकार निवडला.

१९४० च्या दशकातला गिरणी कामगार आणि शेतमजूर बहुतांशी निरक्षर होता. त्याला पुस्तक देऊन उपयोग नव्हता. त्याच्यासाठी पोवाडा होता. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडची लढाई १९४३ च्या फेब्रुवारीत संपली आणि त्याच साली अण्णाभाऊंचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' आला. ज्या छंदात शिवाजी महाराजांच्या सरदारांची शौर्ये गायली गेली, त्याच छंदात व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारांना ऐकू आली. जागतिक घडामोडींचा तो धडाच होता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले.

मग तमाशा. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता: आधी गण, मग गवळण, मग वग. अण्णाभाऊंनी साचा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि राबणाऱ्या माणसांना वंदन आले, वगात राजाराणीऐवजी सावकार, पुढारी आणि निवडणुका आल्या. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. मात्र तमाशाचे हे नवे रूप 'लोकनाट्य' या नावाने रुजले ते रुजलेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची लावणी घराघरांत पोहोचली. गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग यांची सांगड तिच्यात आहे.

१९५० च्या दशकात साक्षर वाचक वाढला, वाचनालये वाढली आणि अण्णाभाऊंचा भर कथा-कादंबऱ्यांवर आला. ते तेव्हा घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत. 'चित्रा', 'वैजयंता', 'माकडीचा माळ', 'वारणेचा वाघ', 'आवडी', 'अलगूज' अशा कादंबऱ्या एकामागून एक येत गेल्या. कादंबऱ्यांचे सक्रिय लेखन साधारण चोवीस वर्षांचे धरले, तर पस्तीसला चोवीसने भागून पाहा. दर दोन वर्षांना जवळजवळ तीन कादंबऱ्या, आणि बाकीचे सारे वेगळेच. कादंबऱ्यांवरून चित्रपटही निघाले. 'वैजयंता' १९६१ साली, 'फकिरा' १९६३ साली, 'वारणेचा वाघ' १९७० साली आणि 'अलगूज'वरून 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' १९७४ साली. १९६१ साली त्यांनी रशियाचा दौरा केला आणि त्यावर 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. त्यांच्या काही साहित्याचे रशियन भाषेत अनुवादही झाले.

इतक्या वेगाने लिहिले की सगळेच सारखे उतरत नाही. काही कादंबऱ्यांत घटना पुनःपुन्हा त्याच वळणाने जातात, नायक फार देखणे आणि फार शूर होतात, शेवट घाईने गुंडाळला जातो. लिहिण्यावर घर चालवायचे, झोपडीत बसून लिहायचे, म्हटल्यावर हे होणारच. पण जिथे त्यांचे लेखन साधते तिथे ते मराठीत दुसऱ्या कुणाकडे न मिळणारे काही देते. 'स्मशानातील सोनं' ही कथा पाहा. वारणाकाठच्या गावातून आलेला भीमा मुंबईच्या एका उपनगरातल्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो पोटासाठी स्मशानातली राख चाळून, प्रेते उकरून सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या दातांत बोटे अडकतात आणि ती कापावी लागतात. नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमाला वाईट वाटायला लावणारा हा माणूस जन्माने वाईट नव्हता, त्याचे काम गेले होते. गुन्हा रक्तातून येतो की परिस्थितीतून, या प्रश्नावर गोरिंग यांनी तीन हजार माणसे मोजली; अण्णाभाऊंनी एका माणसाची बोटे दाखवली.

फकिरा

'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तिचा नायक त्यांच्या नात्यातला, वाटेगावच्या परिसरातला. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरत असताना तो धान्य लुटून वाटतो, सरकारी खजिना लुटतो आणि शेवटी आपल्या माणसांना सोडवण्यासाठी स्वतः सरकारच्या हवाली होतो.

या कादंबरीत चावडीच्या हजेरीचा जाच आहे. पोलिसांच्या दप्तरातून पाहिले तर फकिरा हा दरोडेखोर. मांगवाड्यातून पाहिले तर उपाशी माणसांना जगवणारा. घटना त्याच, फक्त पाहणारा बदलला. आपण विज्ञानात म्हणतो, की निरीक्षण नोंदवताना निरीक्षक कुठे उभा आहे तेही नोंदवा. शंभर वर्षे मांगांबद्दलची निरीक्षणे फक्त चावडीवरून नोंदवली गेली होती. चावडीसमोर उभे राहणाऱ्यांपैकी एकाने स्वतः लेखणी हातात घेऊन ती नोंद तपासली, हे 'फकिरा'चे मोल आम्हाला वाटते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नसून श्रमिकांच्या, दलितांच्या हातावर तोललेली आहे, अशा आशयाचे त्यांचे विधान गाजले. भूगोलाच्या तासाला आपण सांगतो, की पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. पण शेषनाग बाजूला सारून त्या जागी कोण आहे ते पाहा, असे म्हणणे ही वैज्ञानिक वृत्तीच झाली.

एका उदाहरणावरून काय म्हणता येते?

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. "अण्णाभाऊंकडे पाहा, म्हणजे तुमच्या वस्तीवरच्या पोरांचं रक्त काही वेगळं नाही," एवढे सांगून आम्हाला सुटता येईल का? नाही. कारण समोरचा लगेच म्हणेल, "सर, अण्णाभाऊ लाखात एक. ज्याच्यात असतं तो शाळेवाचूनही वर येतो." गंमत अशी, की हे गाल्टन यांचेच म्हणणे आहे. खरी प्रतिभा अडथळे ओलांडून वर येतेच, असे ते मानीत.

यातली चूक ओळखायला फार गणित लागत नाही. चाळणीवर राहिलेले दाणे मोजून पोत्यात किती धान्य होते ते सांगता येत नाही. वर आलेला अण्णाभाऊ आपल्याला दिसतो. दीड दिवसात शाळेबाहेर पडून पुन्हा कधीच अक्षरांकडे न वळलेली मुले दिसत नाहीत, कारण त्यांनी काही लिहूनच ठेवले नाही. म्हणून अण्णाभाऊंचे आयुष्य 'शाळा नसली तरी चालते' याचा पुरावा होऊ शकत नाही. उलट, किती मोठे नुकसान होत असेल याचा तो एक अंदाज आहे.

ज्या ठिकाणी दार उघडले तिथे काय झाले, हेही पाहावे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग मुलगी शिकली. तिचा मांग-महारांच्या दुःखांवरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा किशोरवयात होती. गुन्हेगार जमाती कायद्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. अण्णाभाऊंच्या घरातच पाहिले, तर त्यांचे धाकटे बंधू शंकर भाऊ साठे हेही शाहीर आणि लेखक झाले. 'माझा भाऊ अण्णाभाऊ' हे पुस्तक त्यांचेच. गाल्टन म्हणाले असते, पाहा, एकाच रक्ताचे दोघे. पण दोघांना एकच कलापथक, एकच पुस्तकांचा सहवास लाभला होता, त्याचे काय? कुटुंबात रक्त आणि परिस्थिती दोन्ही एकत्रच वाहतात. नुसत्या वंशावळीवरून ती वेगळी करता येत नाहीत.

सांगली-साताऱ्याच्या शिक्षकांना याचे उत्तम उदाहरण शेतातच मिळेल. ऊस बियांनी लावत नाहीत, टिपऱ्यांनी लावतात. एका बेटाच्या उसाच्या टिपऱ्या म्हणजे आनुवंशिक दृष्टीने एकमेकांच्या हुबेहूब प्रती. त्यातल्या काही कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावा आणि काही जतकडच्या मुरमाड, कोरड्या रानात लावा. वर्षाने एकीकडे डोक्यावरून गेलेला ऊस दिसेल आणि दुसरीकडे गुडघाभर वाळलेली पाती. हा फरक पाहून कुणी शेतकरी म्हणत नाही, की दुसऱ्या टिपरीच्या रक्तात उंची नव्हती. तो पहिला प्रश्न विचारतो, पाणी किती पाळ्या दिलेस? एका रानातल्या दोन जातींच्या उसात आनुवंशिक फरक असू शकतो, हे खरे. पण दोन वेगळ्या रानांतल्या पिकांची तुलना करून बियाण्याबद्दल काहीही म्हणता येत नाही. उसाला जो न्याय आपण देतो तो मुलांना देत नाही.

याच सातारा जिल्ह्यात, अण्णाभाऊंच्या जन्माच्या एक वर्ष आधी, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह तिथे उभे राहिले. काले ते वाटेगाव हे अंतर चालत एका दिवसाचेही नाही. पण ते पाणी वाटेगावच्या त्या एका मुलापर्यंत पोहोचले नाही. तो दुसऱ्या दिशेला, मुंबईच्या रस्त्याने चालत गेला.

आपल्या पटावर

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत वारले. एकोणपन्नासावे वर्ष पुरे व्हायला दोन आठवडे कमी होते. अखेरची वर्षे गरिबीत आणि आजारपणात गेली. मान पुढे मिळत गेला. २००२ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, २०२० साली जन्मशताब्दी झाली आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या गावच्या शाळेत त्यांना दीड दिवस बसता आले, त्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कथा आल्या.

शिक्षक मित्रांसाठी एक छोटे काम सुचवतो. आपल्या वर्गाचा हजेरीपट घ्या. वर्षभरात ज्या मुलांची नावे अधूनमधून गळतात ती वेगळी लिहून काढा आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखा. पहिल्यात 'मुलाबद्दल आम्ही काय समजतो' ते लिहा. दुसऱ्यात 'त्याच्या घरी जाऊन, त्याच्याशी बोलून काय कळले' ते लिहा: ऊसतोड, भावंड सांभाळणे, चष्म्याची गरज, वर्गात चिडवले जाणे, जे असेल ते. दुसरा रकाना भरल्यावर पहिला पुन्हा वाचून पाहा. त्यात 'रक्त' हा शब्द कुठे आला असेल, तर तो ठेवण्याइतका पुरावा दुसऱ्या रकान्यात आहे का, हे तपासा.

त्या शिबिरातल्या शिक्षकांना आम्ही हा लेख पाठवणार आहोत. त्यांचा पत्ता आमच्याकडे आहे. घरोघरी जाऊन मुलांना बोलावून आणणारा तो माणूस आहे, म्हणजे दुसऱ्या रकान्याचे निम्मे काम त्यांनी आधीच केलेले आहे. तिसऱ्या दिवशी मुले का जातात, एवढाच प्रश्न त्या घरी विचारायचा राहिला आहे.